टायर आतून खातोय

गेल्या मंगळवारी एमओटीला गाडी घेऊन गेलो आणि बसने घरी आलो.

एमओटी म्हणजे इथली, ब्रिटनमधली, गाडीची वार्षिक तपासणी, गाडी तीन वर्षांची झाली की सुरू होते. आपली पीयूसी डोळ्यांसमोर आणू नका, धूर हा त्यातला एक रकाना. मी बाहेर निवांत कॉफी पीत होतो, तेवढ्यात मेकॅनिकने आत बोलावलं. गाडी लिफ्टवर होती. "हात लावून बघ," म्हणाला. पुढच्या डाव्या टायरच्या आतल्या कडेवरून बोट फिरवलं, तर तारा टोचल्या.

आता खरं सांगतो, टायर मी बघत असतो. वीस पेन्सचं नाणं खाचेत उभं खोचायचं. नाण्याची कड बुडाली तर ठीक, दिसत राहिली तर टायर नीट मोजून घ्यायचा. कायद्याने रुंदीच्या मधल्या तीन-चतुर्थांश भागात, चाकाला पूर्ण फेरा घालून, १.६ मिलिमीटर खोली लागते. माझं नाणं बुडत होतं. पण वाकायच्या आळसापायी मी ते नेहमी बाहेरच्याच खाचेत खोचायचो. हिवाळ्यात चाक एका खड्ड्यात आपटलं होतं (हो, इथेही खड्डे असतात, फोटो पाठवतो), तेव्हा चाकाची अलाइनमेंट गेली असणार, म्हणजे चाक तिरकं होऊन टायर आतल्या कडेनेच झिजत गेला. स्टीअरिंग पूर्ण वळवून ठेवलं असतं, तर आतली कड उभ्या उभ्या दिसली असती.

रिपोर्टवर शेरा 'डेंजरस'. म्हणजे टायर बदलल्याशिवाय गाडी रस्त्यावर काढायचीच नाही. म्हटलं, स्टेपनी लावून नेतो. त्याला शब्दच कळेना! वेल्समधल्या लानेली गावच्या स्टेपनी स्ट्रीटवर ज्या चाकाचा धंदा उभा राहिला, त्याचं नाव आपण सातारच्या गॅरेजात अजून जपतोय आणि यांना पत्ता नाही. असो. माझ्या गाडीत स्टेपनी नव्हतीच, नुसता पंक्चर बुजवायचा फोमचा डबा.

पोलिसांनी पकडलं असतं तर २,५०० पौंडांपर्यंत दंड आणि लायसन्सवर ३ पॉइंट, तेही टायरमागे. चारही गोटा झालेले असतील तर १२, म्हणजे लायसन्सच जायची पाळी. ते एक वेळ समजू शकतो. पण तो 'डेंजरस' शेरा आता सरकारी साइटवर कायमचा. गाडीचा नंबर टाकून कुणीही फुकटात वाचावं. तीन वर्षं निर्मळ पास झालेली गाडी! शेजाऱ्यांनी वाचला असेल का, हा विचार मी दोन दिवस करत होतो.

आपल्याकडेही मर्यादा १.६च आहे बरं का. खाचेच्या तळाशी रबराचे छोटे उंचवटे असतात, नक्षी झिजून त्यांच्या पातळीला आली की टायर संपला. फक्त खासगी गाडीखाली पंधरा वर्षं कुणी सरकारी माणूस वाकत नाही. पण आमचा नाक्यावरचा पंक्चरवाला वाकायचा ना! चाक काढलं की टबात बुडवायच्या आधी हात फिरवून सांगायचा, "साहेब, आतून खातोय." इथे वर्षानुवर्षं पंक्चर होत नाही, म्हणून चाक निघत नाही, म्हणून कुणी सांगत नाही. माझी चूक आहेच, पण सगळी माझी नाही.

रात्री आण्णांना फोन केला. ते खंबाटकी उतरतात, तेही पावसात. पाणी बाहेर फेकायला खाच उरली नाही तर चाक पाण्यावर तरंगतं, ब्रेक नुसता नावाला, हे सगळं सांगितलं. "अजून एक पावसाळा जातील," आण्णा म्हणाले. "आणि गेलेच तर स्टेपनी आहे. नवी कोरी. गाडी घेतल्यापासून जमिनीला टेकलेली नाही."

म्हटलं, रबर पडून पडूनही कडक होतं. टायरच्या बाजूला 'डीओटी' लिहिलेलं असतं, त्यापुढचे शेवटचे चार आकडे वाचा.

डिकी उघडल्याचा आवाज आला. "एक आठ एक तीन."

म्हणजे टायर बनला २०१३च्या अठराव्या आठवड्यात.

"बघ की," आण्णा म्हणाले, "रबराचे केससुद्धा अजून तसेच आहेत."