चवथीच्या आरतीत छातीत धडधडत नाही

आमच्या फोंड्यात चवथीला घरोघरच्या आरत्यांना मी घुमट वाजवतो, म्हणजे तोंडावर चामडं ताणलेलं मडकं. ते अंगाला टेकलेलं, शेजारी शामेळ नावाचं तालवाद्य, कांसाळी म्हणजे झांजा, समोर सगळं बिऱ्हाड ओरडून आरती म्हणतंय. एवढ्या दणदणाटात मला हृदयविकार कधीच होत नाही. तो होतो रात्री वीज गेली, पंखा थांबला की. म्हणजे होत नाही, झालाय अशी धास्ती वाटते.

डाव्या कुशीवर वळलो की उशीत ठोका ऐकू येतो. मध्येच एक गाळल्यासारखा वाटतो आणि पुढचा दाणकन बसतो. डॉक्टर म्हणाले, ठोका गळत नसतो, एखादा वेळेआधी पडतो. मग हृदय जरा जास्त थांबतं, तेवढ्यात जास्त रक्त भरतं आणि पुढचा ठोका जोरात लागतो. धडधाकट माणसांनाही असे ठोके येतात, त्यातल्या कित्येकांना पत्ताही नसतो. म्हणून ‘सगळे मनाचे खेळ’ म्हणणाऱ्यांचा मला वैताग येतो. ठोका खराच असतो हो! भांडण आहे ते त्याचा अर्थ काय लावायचा, यावर.

१९८० च्या सुमारास अमेरिकेत जेम्स पेनेबेकर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने लोकांना फिल्म दाखवून त्यांचा खोकला मोजला. रटाळ भागात खोकला जास्त, रंगलेल्या भागात कमी. आमच्या जत्रेतल्या नाटकाला बसलेला कुणीही हे फुकटात सांगेल. नायकाचं स्वगत लांबलं की मांडवभर खॉक खॉक सुरू. बाहेर लक्ष गुंतवायला काही नसलं की घशातली खवखव पुढे येते. माझ्या रात्रीचं तेच होतं.

लोक म्हणतात, तू तालातला माणूस, तुला बारीकसारीक कळणारच. ऐकायला बरं वाटतं. पण १९८१ मध्ये मानसशास्त्रज्ञ राइनर शांड्री यांनी एक चाचणी मांडली: नाडीला हात न लावता आपले ठोके मोजायचे आणि ते ईसीजीशी ताडून बघायचे. तब्येतीची धास्ती असलेली माणसं अशा मोजणीत इतरांपेक्षा अचूक ठरतात, असं काही सिद्ध झालेलं नाही. ऐकू तेवढंच येतं, दचकणं मात्र जास्त.

शिवाय आपणच भर घालतो. जबड्याखाली एक गाठ लागते म्हणून आधी एक बोट, मग दोन बोटं, मग उजव्या बाजूशी तुलना. संध्याकाळी ती जागा दुखायला लागते. दुखतेय म्हणजे काहीतरी असणारच! घशाचंही तसंच. अडकल्यासारखं वाटतं म्हणून आवंढे गिळत सुटायचं. थुंकी संपते, कोरडा घोट आणखीच अडकतो.

डॉक्टरांनी सांगितलेल्या तपासण्या झाल्यात. आता समुपदेशकांनी बायकोलाच नियम घालून दिलाय: उत्तर एकदाच द्यायचं. ‘अगं, गाठ वाढलीय का बघ’ म्हटलं की ती भाजी चिरता चिरता म्हणते, ‘अहो, सकाळी सांगितलं ना!’ पूर्वी ती बघून ‘नाही’ म्हणायची. ते ‘नाही’ जेवणापर्यंतसुद्धा पुरायचं नाही, हे मला कळतं. तरी तिचा राग येतोच.