सुलतान घरीच आहेत: जोग्जाचा क्रातोन

जोग्जाच्या मालिओबोरो रस्त्यावर एखादा सायकलरिक्षावाला गोड हसून म्हणाला, "क्रातोन आज बंद आहे, चला तुम्हाला बातिकचं प्रदर्शन दाखवतो, आज शेवटचा दिवस आहे," तर आपणही हसायचं आणि दक्षिणेकडे चालत राहायचं. त्या प्रदर्शनाचा शेवटचा दिवस बारा महिने असतो. क्रातोन, म्हणजे सुलतानांचा राजवाडा, मात्र दुपारी लवकर बंद होतो, त्यामुळे सकाळचीच वेळ धरावी.

योग्यकर्ता, म्हणजे तिथल्या लोकांच्या तोंडी जोग्जा, हे इंडोनेशियातल्या जावा बेटाच्या मध्यभागातलं शहर. आपल्याकडचे सहलवाले इथे बोरोबुदूर आणि प्राम्बानन उरकतात आणि राजवाड्याला अर्धा तास देतात. माझ्या मते हे उलटं व्हायला हवं. देवळं कुठे पळून जात नाहीत. क्रातोनात जे पाहायचं ते माणसांत आहे, आणि माणसांना वेळ द्यावा लागतो.

पहिली नजर निराश करते, हे आधीच सांगून टाकते. म्हैसूरचा राजवाडा डोळ्यांसमोर ठेवून गेलात तर "एवढंच?" असं होणार. उंच मनोरे नाहीत, महिरपी नाहीत, बऱ्याच ठिकाणी तर भिंतीही नाहीत. वाळू पसरलेली अंगणं एकामागून एक, दोन अंगणांच्या मध्ये दरवाजा, आणि अंगणात उतरत्या छपरांचे चारी बाजूंनी उघडे मंडप. दानाप्रतापा नावाच्या दरवाज्याशी दोन राक्षस द्वारपाल गदा घेऊन उभे आहेत. आतला मुख्य मंडप बांग्साल कंचाना, म्हणजे सोन्याचा. त्याच्या गडद रंगाच्या लाकडी खांबांवर सोनेरी नक्षी आहे. तिच्यात कमळाच्या पाकळ्या आहेत आणि वेलबुट्टीसारखी वळवलेली अरबी अक्षरंही आहेत. वाटाड्याने बोट ठेवून दाखवेपर्यंत मला ती अक्षरं दिसलीच नव्हती.

वाटाड्या म्हणजे निवृत्त शाळामास्तर, आता आब्दी दालेम, राजाचा सेवक. निळा-काळा पट्ट्यापट्ट्यांचा अंगरखा, कमरेला बातिक, डोक्याला मागच्या बाजूला गाठ असलेलं ब्लांगकोन हे पागोटं, पाठीला खोचलेली क्रिस ही नागमोडी कट्यार, आणि पाय अनवाणी. असे कितीतरी सेवक तिथे दिसतात. कोणी झाडत असतो, कोणी मंडपात मांडी घालून नुसता बसलेला असतो, एकजण तर खांबाला टेकून छान पेंगत होता. सोबत माझी आई होती, आणि तिने तिसऱ्याच मिनिटाला विचारलं, "पगार किती देतात हो?" मी जमिनीत जायच्या बेतात होते. मास्तर खळखळून हसले. "पगार विचारण्यासारखा नाही, बू. पेट्रोललाही पुरत नाही. पण इथे नाव लागायला लोक वर्षानुवर्षं थांबतात." या मंडळींची आपसात बोलायची भाषाही वेगळी आहे. जावानीजमध्ये समोरच्याच्या दर्जाप्रमाणे शब्द बदलतात, आपल्या अरे-तुरे आणि अहो-जाहोच्या कितीतरी पुढे. पण राजवाड्याच्या आत बागोंगान नावाची बोली चालते, आणि तिच्यात सगळे सेवक एका पातळीवर येतात. सुलतान तेवढे वेगळे.

मला सगळ्यात जास्त वेळ अडकवलं ते दक्षिणेकडच्या केमागांगान अंगणाच्या दाराशी असलेल्या दोन नागांनी. शेपट्या एकमेकांत गुंतलेल्या. ही नुसती सजावट नव्हे, हा बांधकामाचा सन आहे. "द्वि नाग रस तुंगाल": दोन, आठ, सहा, एक. उलटं वाचायचं, 1682. नाग म्हणजे आठ, रस म्हणजे सहा, आकडे उजवीकडून डावीकडे. आपल्या जुन्या ज्योतिषग्रंथांतली भूतसंख्येची पद्धत ती हीच. आणि सन कुठला? शकच! आपल्या पंचांगातला शालिवाहन शक जावात शतकानुशतकं चालत होता. 1633 मध्ये जावातल्या मातारम राज्याच्या सुलतान आगुंगने इस्लामी चांद्र महिने स्वीकारले, पण आकडा नव्याने सुरू केला नाही. शके 1555 वरून तसाच पुढे चालू ठेवला. चांद्र वर्ष लहान, त्यामुळे त्यांचा आकडा आपल्यापुढे पळत गेला. इसवी सन 1756 ला आपला शक 1678, त्यांचं वर्ष 1682. मी तिथेच मोबाईलवर हिशोब घालत बसले आणि आई उन्हात ताटकळली.

त्याच्या आदल्या वर्षी, 1755 मध्ये, गियांतीच्या तहाने मातारम राज्याचे दोन तुकडे झाले होते. एक सुराकार्ता, म्हणजे सोलो, आणि दुसरा हा. राजपुत्र मांकुबुमी इथले पहिले सुलतान, पहिले हामेंगकुबुवोनो झाले (पुढच्या सुलतानांचं नावही हेच) आणि त्यांनी हा वाडा उभारला. जागाही मोजूनमापून निवडलेली: उत्तरेला मेरापी ज्वालामुखी, दक्षिणेला समुद्र, आणि दोघांना जोडणाऱ्या रेषेवर राजवाडा. ही रेषा 2023 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेली.

एक गोष्ट मात्र आपल्या लोकांनी तिथे मान खाली घालून ऐकावी अशी आहे. 20 जून 1812 रोजी जावाचा इंग्रज लेफ्टनंट-गव्हर्नर रॅफल्स याच्या फौजेने हा वाडा फोडला आणि लुटला. त्या फौजेत बंगालचे हिंदुस्थानी शिपाई होते. जोग्जात आजही त्या घटनेला "गेगेर सेपेही" म्हणतात, शिपायांनी घातलेला धुमाकूळ. खजिना गेला, दुसऱ्या हामेंगकुबुवोनोंना पेनांगला धाडलं, आणि दरबारच्या पोथ्या गाड्या भरून गेल्या. पोथ्या नेणाऱ्यांत कॉलिन मॅकेन्झीही होता, तोच जो पुढे हिंदुस्थानचा पहिला सर्वेअर जनरल झाला. 2019 मध्ये ब्रिटिश लायब्ररीने यातल्या 75 पोथ्यांच्या डिजिटल प्रती सुलतानांना दिल्या. प्रती! मूळ पोथ्या लंडनमध्येच आहेत.

श्रीमांगांती मंडपात सकाळी काही ना काही चालू असतं. आमच्या वाट्याला स्रिंपी नृत्य आलं. चार मुली, एकसारखा वेश, नजर जमिनीकडे. गामेलानच्या, म्हणजे काशाच्या घंटा-झांजांच्या वाद्यवृंदाच्या तालावर त्या इतक्या सावकाश हलतात की सुरुवातीला आपल्यालाच अवघडल्यासारखं होतं. मग लक्ष हातांकडे जातं. उपरण्यासारखा कमरेचा शेला बोटांच्या टोकांनी उचलायचा, क्षणभर धरायचा आणि मनगटाच्या एका झटक्यात मागे सोडायचा, चौघींनी एकाच वेळी. शेला जमिनीवर टेकेपर्यंत बोटं तशीच मागे वाकलेली. कमरेला कट्यार आहे, म्हणजे हे खरं तर द्वंद्व आहे, पण चेहऱ्यावर रागाची रेषसुद्धा नाही. माझ्या शेजारचे दोन पर्यटक दहा मिनिटांत उठून गेले. आईने मात्र शेवटपर्यंत जागा सोडली नाही.

तिची खरी कळी खुलली ती चामड्याच्या बाहुल्यांपाशी. भीम, अर्जुन, घटोत्कच, सगळी ओळखीची मंडळी. मास्तरांनी एक बाई दाखवली, "ही स्रिकांदी, अर्जुनाची बायको, धनुर्धारी." आई म्हणाली, "शिखंडी? बायको?" त्यावर कडी म्हणजे तिथली द्रौपदी एकट्या युधिष्ठिराची पत्नी. आईने पाच बोटं पुढे केली, मास्तरांनी मान हलवत एक बोट वर केलं. दोघंही आपापल्या महाभारतावर ठाम. नमाजी मास्तरांना पांडवांची वंशावळ माझ्यापेक्षा चांगली पाठ होती, हे मी निमूटपणे ऐकून घेतलं.

मग प्रश्न पडतो: संस्थानं जगभर बुडाली, आपल्याकडे तर विलीनीकरणानंतर 1971 मध्ये तनखेही गेले, हा वाडा जिवंत कसा राहिला? त्याचं उत्तर नवव्या हामेंगकुबुवोनोंच्या दालनात मिळतं. हॉलंडमध्ये लायडनला शिकलेले, 1940 मध्ये गादीवर आलेले. 1945 मध्ये इंडोनेशियाने स्वातंत्र्य पुकारलं तेव्हा काही आठवड्यांतच त्यांनी राज्य प्रजासत्ताकाच्या बाजूला उभं केलं. 1946 ते 1949 देशाची राजधानी जोग्जात होती आणि सरकार चालवायला सुलतानांनी स्वतःचा खजिना उघडला. गाजाह मादा विद्यापीठाचे सुरुवातीचे वर्ग याच वाड्यात भरले. पुढे ते देशाचे उपराष्ट्राध्यक्षही झाले. दालनात त्यांच्या वस्तूंसोबत स्वयंपाकाची भांडीही मांडली आहेत, कारण या सुलतानांना स्वयंपाकाचा भारी नाद. सोलोच्या दरबाराला हा डाव साधला नाही. त्यांचा विशेष दर्जा 1946 मध्येच गेला. जोग्जाचे सुलतान मात्र 2012 च्या कायद्याने निवडणुकीशिवाय प्रांताचे राज्यपाल असतात. परंपरा टिकली ती भक्तीवर, हे खरं. पण तिच्या मागे खुर्ची आहे, हेही तितकंच खरं.

आताचे दहावे सुलतान वाड्याच्या पश्चिमेकडच्या भागात राहतात. तिकडे पर्यटकांना मज्जाव. त्यांना पाच मुली, मुलगा नाही. 2015 मध्ये त्यांनी थोरल्या मुलीला मांकुबुमी ही वारसाची मानली जाणारी पदवी दिली, स्वतःच्या बिरुदातही बदल केला, आणि घरातले भाऊच नाराज झाले. मी मास्तरांना विचारलं, पुढे राणी येणार का? त्यांनी आजूबाजूला पाहिलं, ब्लांगकोन सारखं केलं आणि आम्हाला सहाव्या सुलतानांचं छायाचित्र दाखवायला नेलं.

बाहेर पडल्यावर पूर्वेला विजिलान गल्ली आहे, तिथे गुदेग खा. कच्चा फणस गुळात आणि नारळाच्या दुधात तासन् तास शिजवतात, चव चांगलीच गोड. शाकाहारी असाल तर "क्रेचेक नको" असं आधीच सांगा, ते गुराचं कातडं असतं. आईने दोनदा सांगितलं, तिसऱ्यांदा मी सांगितलं, आणि तरी वाढणारीने पळी उचललीच होती.