पिकअपच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल आणि फिल्टर घरी बदलताना

ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचा पॅन (खालचा ऑइलचा ट्रे) खोलला तरी सगळं ऑइल निघत नाही. बरंचसं टॉर्क कन्व्हर्टरमध्ये (इंजिन आणि गिअरबॉक्सला जोडणारा ऑइलने भरलेला भाग) राहतं. म्हणून निघालेलं ऑइल मोजून ठेवा, सुरुवातीला तेवढंच नवीन भरायचं. ग्रेड मॅन्युअलमध्ये दिलेलाच. इथे 'चालून जाईल' चालत नाही.

गाडी जॅक स्टँडवर सपाट उभी करा. ऑइल कोमट असावं, उकळतं नको. पॅनला ड्रेन प्लग नसेल तर एका बाजूचे बोल्ट काढा, दुसरीकडचे नुसते सैल करा. पॅन कलतो आणि ऑइल एकाच कोपऱ्यातून पडतं.

खरी गफलत फिल्टरपाशी होते. जुना फिल्टर ओढला की त्याचं रबरी सील बऱ्याचदा वरच्या भोकातच अडकून राहतं. त्यावर नवीन बसवलं तर पंप हवा ओढतो, प्रेशर पडतं, गिअरबॉक्सच्या आतले क्लच घसरून जळतात. बोट फिरवून खात्री करा. सील काढताना भोकाला ओरखडा नको.

पॅनमधल्या चुंबकावर राखाडी चिखल असणारच. धातूचे तुकडे दिसले तर मात्र गिअरबॉक्स तपासून घ्या.

रबरी गॅस्केटला सीलंट लावू नका. बोल्ट टॉर्क रेंचने (ठरावीक जोर मोजून आवळायचा पाना), आलटून-पालटून आवळा. ऑइल भरून इंजिन सुरू करा, ब्रेक दाबून सगळे गिअर फिरवा आणि मॅन्युअलमधल्या तापमानाला लेव्हल बघा. जास्त भरलं तर फेस होतो.