एका दमात किती आकडे

बेळगावातील एका नर्सिंग महाविद्यालयात मी शिकवते. चौथ्या वर्षाच्या विद्यार्थिनींना पोस्टिंगसाठी, म्हणजे प्रत्यक्ष रुग्णसेवेच्या सरावासाठी, खानापूर तालुक्यातील एका शासकीय रुग्णालयात घेऊन जाणे हा माझ्या कामाचा ठरलेला भाग आहे. इंडियन नर्सिंग कौन्सिलने २०२१-२२ पासून बी.एस्सी. नर्सिंगला सत्र पद्धती लागू केल्यावर क्लिनिकलचे तास, कौशल्यांची यादी आणि लॉगबुकातील सह्या यांचा हिशेब फार काटेकोर झाला. किती इंजेक्शने दिली, किती कॅथेटर घातले, किती ड्रेसिंग केली, हे सगळे त्यात मोजले जाते. रुग्णाजवळ बसून त्याच्यात होणारा बदल टिपत राहण्याला मात्र तिथे रकाना नाही, आणि त्या पावसाळ्यात रोपलावणीच्या दिवसांत आलेल्या रुग्णाच्या बाबतीत नेमके तेच काम सर्वांत मोलाचे ठरले.

सकाळी सातच्या सुमारास जांबोटीकडच्या एका वाडीतून पस्तिशीतील एक बाई जीपमधून आल्या. ‘‘पहाटेपासून पोट दुखालंय बघा सिस्टर, दोनदा उलटी पण झाली,’’ असे त्यांच्या सासऱ्यांनी सांगितले. घरी ओवा आणि गरम पाणी देऊन झाले होते. नाडी थोडी जलद होती, रक्तदाब ठीक होता, पोट हाताला मऊ लागत होते. ड्युटीवरचे डॉक्टर शेजारच्या खाटेवर अपघाताचा रुग्ण पाहत असल्यामुळे माझ्या दोन विद्यार्थिनी या बाईंची माहिती लिहून घेऊ लागल्या. त्यांतील एक खानापूर तालुक्यातीलच होती आणि दुसरी केरळची. आमच्या जिल्ह्यातील नर्सिंग महाविद्यालयांत केरळच्या मुली बऱ्याच असतात. मराठी आणि कन्नड त्या वॉर्डातच शिकतात.

छापील फॉर्मात जेवण, शौच, पाळी, जुने आजार असे प्रश्न ओळीने असतात. ते संपल्यावर खानापूरच्या मुलीने स्वतःहून विचारले, ‘‘काकू, रात्री झोपला कुठं होता?’’ खाली जमिनीवर वाकळ टाकून, भाताच्या पोत्यांशेजारी, असे उत्तर मिळाले. बाईंच्या पापण्या अर्ध्या मिटलेल्या होत्या. रात्रभर जागरण झाल्यामुळे डोळ्यांवर झोप आहे, असे घरचे सांगत होते आणि ते पटण्यासारखेही होते. त्या मुलीने मात्र आपले बोट त्यांच्या डोळ्यांसमोरून हळूहळू वर नेले आणि मान न हलवता बोटाकडे बघायला सांगितले. बुबुळे थोडी वर गेली, पण पापण्या जागच्या हलल्या नाहीत. तिने माझ्याकडे पाहिले आणि मी डॉक्टरांना हाक मारली.

साप चावल्याची शंका आली, पण अंगावर दंशाची खूण कोठेच सापडली नाही, सूजही नव्हती. मण्यारीच्या बाबतीत असेच होते. तिचे दात इतके बारीक असतात की झोपलेल्या माणसाला चावा कळतही नाही; पहाटे पोटात कळ येते, घसा धरल्यासारखा वाटतो आणि मग पापण्या उतरू लागतात. तिचे विष मज्जातंतू आणि स्नायू यांच्या सांध्यावर, मज्जातंतूच्या टोकाशी काम करते. काचेच्या कोरड्या, स्वच्छ नळीत रक्त वीस मिनिटे न हलवता ठेवून गोठते का ते पाहण्याची चाचणी आम्ही केली, तेव्हा रक्त व्यवस्थित गोठले. घोणस किंवा फुरसे चावले असते, तर ते बहुधा गोठले नसते. डॉक्टरांनी मण्यार गृहीत धरून सर्पविषरोधक लस सुरू करायला सांगितले.

दहा कुप्या द्यायच्या होत्या. ही लस भुकटीच्या रूपात येते. प्रत्येक कुपीत दहा मिलिलिटर निर्जंतुक पाणी घालून ती तळहातांत हळूहळू फिरवावी लागते. घाईने हलवली तर फेस होतो आणि औषध विरघळायला उलट वेळ लागतो. बाहेर सासरे रडत होते, आत डॉक्टर घड्याळाकडे पाहत होते आणि चार मुली ओळीने उभ्या राहून शांतपणे कुप्या फिरवत होत्या. प्रयोगशाळेतील पुतळ्यावर हे धैर्य शिकवता येत नाही, असे माझे मत आहे. लसीमुळे तीव्र ॲलर्जी येऊ शकते म्हणून ॲड्रिनलिन अर्धा मिलिग्रॅम सिरिंजमध्ये भरून, नावाची चिठ्ठी लावून उशाशी ठेवले. मग सलाईनमधून लस सुरू झाली. स्नायूंची ताकद परत यावी म्हणून निओस्टिग्मिन आणि त्याच्या जोडीने ॲट्रोपिनही देऊन पाहिले. मण्यारीच्या विषावर त्याचा सहसा उपयोग होत नाही आणि येथेही झाला नाही.

पुढचे काम होते ते निरीक्षणाचे. श्वासाचे स्नायू किती थकले आहेत हे ओळखण्याची एक बिनखर्चाची पद्धत आहे. रुग्णाने दीर्घ श्वास घ्यायचा आणि त्या एका दमात मोठ्याने जमतील तेवढे आकडे म्हणायचे. त्याबरोबर डोळा किती झाकला गेला आहे, नजर वर किती वेळ टिकते, तोंड उघडल्यावर दातांतील अंतर किती राहते आणि उशीवरून मान उचलता येते का, हेही पाहायचे. दर दहा मिनिटांनी हे सारे वेळेसह लिहायचे, असे मी दोघींना सांगितले. केरळच्या मुलीकडे घड्याळ आणि तक्ता, खानापूरच्या मुलीकडे बाईंचा हात, अशी विभागणी त्यांनी आपापसांत केली.

पहिल्या वेळी बाई अठरापर्यंत पोचल्या. नंतर चौदा, मग पुन्हा चौदा. त्या दुसऱ्या चौदाला सगळ्यांना हायसे वाटले. ऑक्सिमीटरवर तेव्हा ९८ होते आणि पुढच्या मोजणीत बाई नऊवर थांबल्या तेव्हाही ९८च होते. विद्यार्थिनींना मी नेहमी सांगत आले आहे की बोटाला लावलेले यंत्र अशा वेळी फार उशिरा सावध करते, पण त्या तक्त्यावर अठरापासून नऊपर्यंतची घसरण आणि शेजारी न हललेले ९८ हे एकाखाली एक लिहिलेले पाहून त्यांना जे समजले, ते माझ्या व्याख्यानांतून समजले असते असे मला वाटत नाही. याच वेळी मान उचलणे बंद झाले आणि लाळ घशात साठू लागली. तक्ता हातात घेऊन डॉक्टरांनी तो एकदा वरून खाली पाहिला आणि लगेच श्वासनलिकेत नळी घालण्याचा निर्णय घेतला. लस शरीरात फिरणारे विष निष्प्रभ करते. मज्जातंतूच्या टोकाशी झालेली इजा ती भरून काढत नाही. ती भरून येईपर्यंत रुग्णाचा श्वास दुसऱ्या कोणीतरी चालवावा लागतो. त्या दिवशी तेथे व्हेंटिलेटर उपलब्ध नव्हता.

१०८ ची रुग्णवाहिका आली. बेळगावपर्यंत सुमारे २५ किलोमीटरचे अंतर होते. गाडीतील इएमटी (आपत्कालीन वैद्यकीय तंत्रज्ञ), खानापूरची मुलगी आणि मी असे तिघे आत बसलो. अँबू बॅग, म्हणजे हाताने दाबून श्वास देण्याची पिशवी, दर सहा सेकंदांना एकदा, छाती उठेल एवढीच दाबायची असते. घाबरलेला माणूस ती भराभर दाबतो. मुलीचा वेग वाढला तसे इएमटीने काही न बोलता तिच्या मनगटावर दोन बोटे ठेवली आणि सहा सेकंद झाले की ती हलकेच दाबू लागला. काही वेळाने त्याने बोटे काढून घेतली. वेग तसाच राहिला. हे इएमटी लोक रस्त्यावर जे शिकतात, त्यातील थोडे आमच्या अभ्यासक्रमात यायला हवे, आणि मुलींच्या पोस्टिंगचा काही भाग रुग्णवाहिकेत असायला हवा, असे मला तेव्हापासून ठामपणे वाटते.

चालकाशेजारी बसलेल्या दिरांनी मागच्या खिडकीतून पाहिले. हात लुळे पडलेले, डोळे मिटलेले. इएमटीने पापणी उचलून बॅटरी मारली तर बाहुली मोठी आणि न आकसणारी. ‘‘गेली काय हो?’’ असे ते ओरडले. मण्यारीच्या दंशात बाहुल्या अशा होऊ शकतात आणि तरीही रुग्ण पूर्ण शुद्धीवर असू शकतो. त्याला सगळे ऐकू येते, फक्त बोटसुद्धा हलवता येत नाही. मी दिरांना तसे समजावले आणि मुलीला बाईंशी बोलत राहायला सांगितले. काय बोलावे हे तिला सुचेना, तेव्हा ती बॅग दाबता दाबता रस्त्यावरची गावे सांगू लागली. ‘‘काकू, देसूर आलं. आता मच्छे आलं बघा. पिरनवाडी गेली, आता थोडंच राहिलंय. दवाखान्यात मशीन लावतील, ते श्वास देईल. भिऊ नका.’’

बेळगावच्या शासकीय रुग्णालयात त्यांना व्हेंटिलेटरवर घेतले. चौथ्या दिवशी बोटे हलली, मग पापण्या उघडल्या आणि आणखी काही दिवसांनी नळी निघाली. आम्ही भेटायला गेलो तेव्हा आवाज बसलेला होता, पण त्यांनी मुलीला ओळखले ते आवाजावरूनच, कारण गाडीत तिचा चेहरा त्यांना दिसलाच नव्हता. मच्छे आल्याचे ऐकले होते, दीर ओरडले तेही ऐकले होते, असे त्या म्हणाल्या. दिरांच्या नावाने मात्र त्यांनी बरीच बोटे मोडली.

दोघींनी याच रुग्णावर केस प्रेझेंटेशन केले. त्यात लसीची मात्रा, विषाचे कार्य, नर्सिंग डायग्नोसिस असे सारे रीतसर होते, पण मी त्यांना सर्वांत आधी तो चुरगळलेला तक्ता पडद्यावर दाखवायला लावला. कर्नाटकाने २०२४ मध्ये सर्पदंशाची नोंद सक्तीची केली आहे, त्यामुळे असे रुग्ण कागदावर आता अधिक नीट दिसू लागतील. लॉगबुक बदलणे माझ्या हातात नाही. मी एवढेच केले, की पोस्टिंगला निघण्यापूर्वी प्रत्येक विद्यार्थिनीने एकमेकींवर एका दमातील मोजणी करून तक्ता भरायचा आणि त्यावर माझी सही घ्यायची, असा नियम घातला. केरळच्या मुलींना त्यासाठी मराठी आणि कन्नड आकडे पन्नासपर्यंत यावे लागतात. एकोणतीस आणि एकोणचाळीसपाशी त्या हमखास अडखळतात आणि बेळगावच्या मुली हसतात. कन्नडमध्ये मोजायची पाळी आली की त्यांच्यातल्याही काहींची तीच गत होते.