हील्स अपडेट: 'ठाक'चा 'टक' झाला, आणि गरवारे ते डेक्कन समोर बघत

मंडळी, माझ्या हील्सचा आवाज आटोक्यात आला! पूर्ण गेलेला नाही, पण 'ठाक' होता तो 'टक' झालाय. ज्यांनी मॉलच्या ग्रॅनाइटवर हील्स घालून पहिलं पाऊल टाकलंय त्यांना हा फरक समजावून सांगायला नको. काल संध्याकाळी पुण्यात मेट्रोने गरवारे कॉलेज स्टेशनला उतरलो आणि डेक्कनपर्यंत चालत गेलो. पायात ९ सेंटिमीटरचे काळे कोर्ट शूज (वरून उघडे, बिनवादीचे हील्स), वर घोट्याशी संपणारी पँट, लपवाछपवी काही नाही. रस्त्याला नेहमीची गर्दी होती, टपरीवर कॉलेजची पोरं होती, आणि मी समोर बघत चाललो होतो. हे समोर बघणं मला फार मोठं वाटतंय, म्हणून रात्रीच लिहायला बसलो.

नव्यांसाठी, मी आवडीने हील्स घालणारा पुरुष; जुने अपडेट्स वाचलेल्यांना मी कुठे अडकलो होतो ते माहीत आहे. ७ सेंटिमीटरचे ब्लॉक हीलचे बूट बूटकट जीन्सखाली घालून मी बँकेत, लग्नाला, सासुरवाडीला, सगळीकडे जाऊन आलोय. तिथे काही प्रश्न नाही. पण कोर्ट शूज चढवले की सोसायटीच्या गेटशी गाडी अडायची. गच्चीवर चाल उत्तम, पार्किंगमध्ये उत्तम, आणि गेटबाहेर पडलो की खांदे वर, नजर खाली, पावलं आखडलेली. 'हे मनाचं आहे, सवयीने जाईल' असं बऱ्याच जणांनी कळवलं होतं. काही अंशी खरंही आहे. पण माझ्या बाबतीत ते मनाच्या आधी पायाचं निघालं.

रस्त्यावर लोक आधी बूट बघत नाहीत, आधी आवाज ऐकतात. मागून 'ठाक, ठाक' आलं की माणूस बाई येतेय असं समजून वाट द्यायला वळतो, आणि समोर मी. वळलेली मान जरा जास्त वेळ तशीच राहते. मला धास्ती होती ती त्या जास्तीच्या वेळाची. म्हणून आवाजाच्या मागे लागलो.

सुरुवात अर्थातच टॉप-पीसपासून, म्हणजे टाचेच्या खालच्या टिपेपासून. बाजारातल्या बहुतेक हील्सना खाली कडक प्लास्टिकची टिप असते. ती उपटून कोपऱ्यावरच्या मोचीमामांकडून मऊ रबराची बसवून घेतली. आवाज थोडा कमी झाला, पण एवढ्याशा टिपेवर माझ्यासारख्या ऐंशी किलोच्या माणसाचं वजन, रबर बघता बघता झिजलं. शिवाय फरशीवर ते चिकटल्यासारखं धरतं आणि पुढचं पाऊल अडखळतं. मग टाचेशी सिलिकॉनचे जेल पॅड लावले. या जेल पॅडबद्दल स्पष्टच सांगतो, पैसे वाया. पाय पुढे ढकलला जातो, बोटं टोकात चेपतात, आणि घाम आला की पॅड स्वतःच सरकून तळव्याखाली येतं. त्यापेक्षा टाचेच्या आत स्वेड चामड्याचा तुकडा, खरखरीत बाजू पायाकडे करून चिकटवा. चौपट टिकतो. घोट्याला वादी लावून पाहिली, तिने बूट धरून ठेवला, पण आवाज होता तसाच.

उलगडा झाला तो बायकोमुळे. तिने मला गच्चीवर चालायला लावून मागून स्लो मोशनमध्ये व्हिडिओ घेतला. त्यात स्वच्छ दिसतं: पाऊल उचलताना माझी टाच बुटातून बोटभर वर येते, आणि पाऊल टेकताना बूट आधी जमिनीवर आपटतो, टाच मागाहून त्यात पडते. म्हणजे एका पावलात दोन आपट्या. डावा पाय उजव्यापेक्षा जास्त वाजायचा, कारण माझी डावी टाच किंचित बारीक आहे. व्हिडिओ परत एकदा बघून ती म्हणाली, "तू सारखा खाली बघत चालतोस ना, म्हणून लोकही खाली बघतात." दोन्ही गोष्टींचं मूळ एकच होतं. बूट निसटेल ही भीती पायाला असली की मेंदू डोळ्यांना वर बघूच देत नाही. मी आरशासमोर उभा राहून आत्मविश्वास गोळा करत होतो, आणि तिकडे टाच बोटभर सुटत होती.

आता बूट सैल का, तर आपल्या सगळ्यांचं रडगाणं तेच. माझा पाय युरोपियन ४३ नंबरचा, पुढे रुंद, टाचेला अरुंद. आपल्याकडे दुकानात बायकांच्या हील्स बहुतेक ४१ला संपतात. बाहेरून मागवल्या तर मोठी मापं मिळतात, पण रुंदीचा पर्याय क्वचितच. मग पंजा मावावा म्हणून आपण सगळेच ४४ घेतो. जरा हिशोब बघा. युरोपियन मापात एक नंबर वाढला की लांबी ६.६७ मिलिमीटर वाढते आणि पंज्याचा घेर साधारण ५ मिलिमीटर. घेर म्हणजे सगळ्या बाजूंनी मिळून, तेव्हा प्रत्यक्ष रुंदी चिमूटभर मिळते आणि मागे जवळजवळ सात मिलिमीटरची पोकळी पदरात पडते. त्यात बूट जिथे वाकायला हवा ती जागाही पुढे सरकते, म्हणजे पंजा एकीकडे वाकतो आणि सोल दुसरीकडे. याला पॅड लावून काय होणार? फर्माच, म्हणजे ज्या पायाच्या आकाराच्या ठोकळ्यावर बूट बेततात तोच, बदलायला हवा होता.

फर्म्यासाठी मुंबईला ठक्कर बाप्पा कॉलनीत गेलो. कुर्ला-चेंबूरच्या बाजूचा हा सगळा चपला-बुटांच्या कारागिरांचा भाग. गल्लीत शिरलं की सोल्यूशनचा वास, रापीचा आणि हातोडीचा आवाज, माळ्यावर लटकलेले फर्म्यांचे जोड. नाटक-नाचाचं सामान विकणाऱ्या दुकानांतून हील्स घेणाऱ्यांना माझी विनंती आहे, एकदा इथे जा. त्या दुकानांतले जोड स्टेजवर तासाभरासाठी ठीक, आत शँक (सोलमधली, तळव्याच्या कमानीला आधार देणारी पट्टी) म्हणून पुठ्ठा निघतो. आणि जो माणूस नवशिका आहे, ज्याला घोटा अजून सांभाळता येत नाही, त्याने तर पुठ्ठ्याच्या शँकवर ९ सेंटिमीटर चढूच नये.

ज्या मामांनी काम घेतलं ते आधी तयारच नव्हते. "साहेब, जेन्ट्सना क्युबन हील देतो, दीड इंच, झकास दिसेल." मी म्हटलं, "मामा, मला ९ सेंटिमीटर हवी, आणि निमुळती." त्यांनी पाय बघितला, माझ्याकडे बघितलं. मग मी फोनवर फ्रान्सच्या चौदाव्या लुईचं चित्र काढून दाखवलं, रिगो या चित्रकाराने १७०१मध्ये रंगवलेलं, पॅरिसला लुव्हर संग्रहालयात असलेलं. राजा पोटऱ्या दाखवत उभा आहे आणि बुटांच्या टाचा लाल. सांगितलं की टाच युरोपात आली ती इराणच्या घोडेस्वारांकडून. रिकिबीत पाय पक्का बसावा, उभं राहून बाण मारता यावा म्हणून ते टाचेचे बूट घालायचे, आणि शाह अब्बासने १५९९मध्ये युरोपात वकील पाठवल्यानंतर तिकडच्या सरदारांमध्ये या इराणी चालीचं कौतुक वाढलं. बायकांनी टाच घेतली ती पुरुषांची बघून. मामांना घोडेस्वारांत फारसा रस वाटला नाही. त्यांनी चित्र बोटांनी मोठं केलं, राजाची टाच नीट बघितली आणि म्हणाले, "ही लाकडाची. वर चामडं चढवलंय. कमरेला जाड ठेवलीय म्हणून मोडत नाही." आणि तिथून आमचं खरं बोलणं सुरू झालं.

त्यांनी केलं ते असं. ४३चा लेडीज फर्मा घेतला, पंज्याच्या दोन्ही अंगांना चामड्याचे पातळ तुकडे चिकटवून आणि घासून तो रुंद केला, टाचेला हात लावला नाही. लांबी ४३चीच राहिली. शँक पोलादाची, नेहमीपेक्षा जाड, कारण ऐंशी किलो. टाच आतून पोलादी दांड्याची घेतली, हे १९५०च्या दशकापासूनचं तंत्र, त्याच्याशिवाय बारीक टाच वजन पेलूच शकत नाही. मागच्या काउंटरला (टाचेभोवतीच्या कडक भागाला) आतून स्वेड. टॉप-पीस मध्यम कडक पीयूचा (पॉलियुरेथेनचा), नेहमीपेक्षा थोडा रुंद. ट्रायलला मामांनी आरीच्या मागच्या टोकाने टाचेशी टोचून बघितलं, कुठे हवा आहे का. नव्हती. मी पाऊल उचललं, बूट पायाबरोबर आला! हे सुख मला आजवर कुठल्याही ब्रँडेड जोडीने दिलेलं नाही.

उंचीबद्दल एक गोष्ट इथेच सांगतो, कारण '१० सेंटिमीटर झेपतील का' हा प्रश्न नेहमी येतो. टाचेची उंची पायाच्या लांबीशी मोजा. ३६ नंबरचा पाय साधारण २३ सेंटिमीटर, ४३चा साडेसत्तावीस. ४३वरचे १० सेंटिमीटर म्हणजे ३६वरचे सव्वाआठ-साडेआठ. मोठ्या पायाला चढ कमीच पडतो. दुकानात बायकांच्या जोडीवरचा आकडा बघून घाबरू नका.

तरी पोटऱ्यांचा व्यायाम सोडू नका. नेहमी हील्स घालणाऱ्या स्त्रियांच्या पोटरीचे स्नायुतंतू आखूड आणि टाचेमागची धोंडशीर जाड, ताठर झालेली २०१०च्या एका अभ्यासात आढळली होती. मी रोज रात्री जिन्याच्या पायरीवर पंजे ठेवून टाचा खाली सोडतो, दोन्ही पायांना पुरेसा वेळ देतो. दिवसभर घातल्या तर दुसऱ्या दिवशी सपाट चप्पल.

आता कालचं चालणं. स्टेशनवरच्या पिवळ्या उंचवट्यांच्या पट्टीवरून जाऊ नका, टाच दोन रेघांच्या मध्ये बसते आणि घोटा वळतो. मी पट्टीच्या बाजूने चाललो. सरकत्या जिन्यावर वजन पंज्यावर घेऊन उभा राहिलो, टाच खाचेच्या वर अधांतरी. रस्त्यावर पेव्हर ब्लॉकच्या फटी हे वेगळंच प्रकरण आहे, तिथे पाऊल किंचित तिरकं टाकायचं. जंगली महाराज रस्त्याचा रुंद फुटपाथ त्या मानाने स्वर्ग.

लोकांचं म्हणाल तर, टपरीवरच्या एकाने फोन वर केला. पूर्वी मी रस्ता ओलांडला असता. काल त्याच्याकडे बघून मान हलवली, ओळखीच्याला हलवतो तशी, आणि त्याने फोन खाली घेतला. दर वेळी असंच होईल असं मी म्हणत नाही. रात्री उशिरा, एकटं, सुनसान जागी अजूनही ब्लॉक हीलच, त्यात कमीपणा काही नाही. पण दुसरा प्रसंग मला जपून ठेवावासा वाटतो. डेक्कनला बसस्टॉपवर एक वयस्कर गृहस्थ बराच वेळ माझ्या पायांकडे बघत होते. शेवटी विचारलं, "पायाला काही त्रास आहे का? डॉक्टरांनी सांगितलंय?"

"नाही काका, आवड आहे."

"असं होय." थोडं थांबून, "पडू नका म्हणजे झालं. फुटपाथ वाईट आहेत." मग त्यांची बस आली आणि ते गेले.

बूटकटवाल्यांना या निमित्ताने एक सांगायचंय. झाकून घालण्याला माझा विरोध नाही, मी स्वतः तिथूनच आलोय. ज्याच्या घरात, ऑफिसात वातावरण तसं नाही त्याने झाकावंच. पण झाकलेली हील घालून मी सारखा पँटची कड सांभाळत असायचो, बसताना, जिना चढताना. तिथे सराव चालण्याचा कमी आणि राखण करण्याचा जास्त झाला. घोटा उघडा ठेवून दहा मिनिटं चाललात तर जे मिळतं ते झाकून दिवसभर चालून मिळत नाही, असं मला आता ठाम वाटतं. पटत नसेल तर भांडा.

पुढचा बेत असा होता की याच फर्म्यावर १० सेंटिमीटरची स्टिलेटो (एकदम बारीक टाचेची हील) करून घ्यायची आणि दिवाळी पहाटच्या कार्यक्रमाला चुडीदारावर घालायची. पण लिहिता लिहिता दोन गोष्टी डोक्यात आल्या. एक, कार्यक्रम मैदानावर, पहाटे गवत ओलं, स्टिलेटो थेट मातीत. तिथे ८ सेंटिमीटरची ब्लॉक हीलच हवी, आणि चुडीदाराखाली ती उठूनही दिसेल. तेव्हा स्टिलेटो मागे ढकलतोय, पुढची जोडी ब्लॉक हीलची, गडद मरून.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. आत्ता मध्येच उठून जुन्या जोडीच्या झिजलेल्या टिपा काढून बघितल्या. सगळ्या मागच्या-बाहेरच्या कोपऱ्यावर झिजल्यात, डावी जास्त. म्हणजे मी कोपऱ्यावर उतरतोय, सपाट नाही. उरलेला 'टक' तिथलाच असणार. टॉप-पीसला तो कोपरा आधीच किंचित घासून घेतला तर? का टाचच एक-दोन मिलिमीटर पुढे घ्यावी लागेल? टाच हलवली तर शँकचा तोलही बदलतो, म्हणून आधी घासूनच बघतो. शनिवारी जुन्या टिपा पिशवीत घालून मामांकडे नेणार आहे, झीज बघून ते काय म्हणतात ते कळवतो. तुमच्या टिपा कुठे झिजतात ते बघा आणि सांगा, फोटो खालून घ्या, बाजूने नको. आणि लोकलने येणाऱ्या मुंबईकरांनो, प्लॅटफॉर्म आणि डब्यातली फट तुम्ही हील्सवर कशी पार करता? मला कुर्ल्याला उतरायचंय.