८९१.४६३ आणि ‘सासूबाईंना चालेल’

ग्रंथालयांतल्या सोशल सॉफ्टवेअरवरचा ऑनलाइन कोर्स मी मुख्यतः प्रमाणपत्रासाठी केला. सांगलीतल्या एका शासनमान्य सार्वजनिक वाचनालयात मी ग्रंथपाल आहे. आमच्याकडे प्रमाणपत्राने पगार वाढत नाही, पण तपासणीला आलेल्या साहेबांपुढे फाईल जाडजूड असली की बरं पडतं. रात्री जेवणं आटोपली की मोबाइलवर व्याख्यान ऐकायचं आणि आठवड्याचा स्वाध्याय रविवारी पाठवायचा, असा क्रम होता.

अभ्यासक्रम थोडा शिळा होता. विकी, फीड, फोटोंच्या साइट. डिलिशस नावाच्या, आवडत्या वेबपानांच्या खुणा साठवायच्या साइटवर भरपूर वेळ खर्च केला होता. २००३ साली सुरू झालेली ही साइट केव्हाच इतिहासजमा झाली. वेगवेगळ्या साइटवरचं नवं लेखन एका जागी वाचायचं गूगल रीडर कसं वापरावं हेही शिकवलं, ते २०१३ सालीच बंद पडलं. अवजारं पाहून निघणाऱ्याला हा कोर्स फुकट गेला असं वाटेल. मलाही तसंच वाटत होतं, टॅगिंगचा, म्हणजे वाचकांनीच वस्तूला आपले शब्द चिकटवण्याचा, धडा येईपर्यंत.

त्या धड्यात अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसची हकीकत होती. जानेवारी २००८ मध्ये त्यांनी आपल्या संग्रहातली तीन हजारांवर जुनी छायाचित्रं फ्लिकर या फोटोंच्या साइटवर टाकली आणि लोकांना म्हटलं, याला तुम्हाला सुचतील ते शब्द लावा. लोकांनी शब्द तर लावलेच, पण हा माणूस कोण, ही इमारत कुठली, हेही सांगितलं. त्यातली माहिती पडताळून ग्रंथालयाने स्वतःच्या नोंदी दुरुस्त केल्या. जगातल्या एवढ्या मोठ्या ग्रंथालयाची तालिका, म्हणजे संग्रहाची नोंदयादी, वाटेवरच्या माणसाने सुधारली, हे ऐकून मी झोपायचं सोडून उठून बसले.

त्याला कारण आहे. आमची सगळ्यात जास्त देवघेव कादंबऱ्यांची. पुस्तकांना विषयवार अंक देणाऱ्या ड्यूईच्या पद्धतीत मराठी कथा-कादंबरीचा अंक एकच, ८९१.४६३. पाककृतीला ६४१.५ मिळतो, तिथे निदान पदार्थांचे पोटभेद पाडता येतात. कादंबरी मात्र रडवणारी असो, हसवणारी असो, दोनशे पानांची असो की आठशे, सगळ्यांच्या पाठीवर तोच अंक. पुढे लेखकाचं नाव, की झालं वर्गीकरण. आणि काउंटरवर येणारा वाचक विचारतो काय? “मॅडम, काहीतरी हलकंफुलकं द्या ओ.” याचं उत्तर तालिकेत नसतं, ते माझ्या डोक्यात असतं. मी रजेवर गेले की तेही नसतं.

स्वाध्याय होता, शिकलेल्यातलं काहीतरी एक दिवस वाचनालयात करून बघा. आम्ही कोहा हे ग्रंथालयाचं सॉफ्टवेअर वापरतो, त्यात वाचकांना टॅग लावायची सोय आहे. पण आमचे वाचक ऑनलाइन तालिका उघडत नाहीत. व्हॉट्सॲपचा ग्रुप आहे, तिथे सकाळी कुणी पुस्तकाबद्दल चांगलं चार ओळी लिहिलं तरी दुपारपर्यंत ते सुप्रभातांखाली गाडलं जातं. म्हणून मी माळ्यावरचे जुन्या तालिकापत्रांचे गठ्ठे काढले. संगणकीकरणानंतर ती पाच बाय तीनची कार्डं पडूनच होती, मागची बाजू कोरी. शनिवारी ती काउंटरवर ठेवली आणि पाटी लावली: ‘परत करत असलेल्या पुस्तकाबद्दल एक-दोन शब्द लिहा. नाव नको.’

लोक लिहितील का, अशी शंका मला नव्हती. आमची माणसं पूर्वीपासून लिहितातच. ठरावीक पानावर बारीकशी फुली, चांदणी, नाहीतर आद्याक्षर. हे पुस्तक आपण वाचलंय, पुन्हा नेऊ नये म्हणून ज्येष्ठांनी केलेली खूण. शेवटच्या पानावर ‘भिकार’ किंवा ‘अवश्य वाचा’ हे शेरे तर विचारूच नका. नियमाने त्याला दंड आहे, आणि तो मी घेतेही.

दुपारपर्यंत बुटाचं खोकं अर्धं भरलं. पहिलंच कार्ड ‘सासूबाईंना चालेल’. मग ‘सांगली-पुणे एसटीत संपतं’. एका इतिहासाच्या पुस्तकावर ‘एमपीएससीला उपयोग नाही’. एका भुताच्या गोष्टींवर बालविभागातल्या अक्षरात ‘भूत खरं निघत नाही’. एका कौटुंबिक कादंबरीवर कुणीतरी लिहिलं होतं, ‘शेवटी मूल जातं. गरोदर बाईला देऊ नका.’ हे कार्ड हातात घेऊन मी बराच वेळ उभी होते. इतकी वर्षं ते पुस्तक मीच देत आलेय, आणि ही सूचना तालिकेत कुठल्या रकान्यात बसवायची?

सगळ्यात जास्त वेळा आलेला शेरा मात्र अगदी साधा होता: ‘अक्षर मोठं आहे’, ‘टाइप बारीक’. आमच्या नोंदीत पानं, आकार, किंमत, प्रकाशक सगळं असतं. टाइप केवढा, हे नसतं. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेल्या माणसाला पहिल्यांदा तेच हवं असतं.

आणखी एक होतं: ‘भाग एक पुरात गेला. दुसरा आधी वाचू नका.’ २०१९च्या महापुरात आमची खालच्या फळ्यांवरची पुस्तकं लगदा झाली. पहिला भाग रीतसर निर्लेखित झाला, म्हणजे संग्रहातून वजा केला, पण दुसऱ्या भागाच्या नोंदीत तसं सांगणारं काहीच नव्हतं. वाचकाने एका ओळीत सांगून टाकलं.

संध्याकाळी गंमत झाली. गावातल्या एका ज्येष्ठ लेखकांच्या आठवणींच्या पुस्तकावर कार्ड आलं: ‘रटाळ. पण गावभागातल्या जुन्या वाड्यांची माहिती चांगली.’ हे लेखक आमचे आजीव सभासद, रोज वर्तमानपत्रं वाचायला येतात. कार्यवाहांनी ते कार्ड बघितलं आणि त्यांचा चेहराच उतरला. “मॅडम, हे आधी काढा. वार्षिक सभा तोंडावर आलीय.” एवढ्यात लेखक स्वतः काउंटरवर. कार्ड त्यांनी हातात घेतलं, चष्मा वर केला आणि म्हणाले, “हे कुणाचं अक्षर ते मला ठाऊक आहे. असा मोडका र दुसरं कोण काढतंय?” मग वाचनकक्षात जाऊन त्याच गृहस्थांच्या शेजारच्या खुर्चीवर बसले. तिथे काय बोलणं झालं कोण जाणे. आवाज तरी चढला नाही.

कोर्समध्ये निनावीपणावर चर्चा झाली होती, टोपणनावं वगैरे. सांगलीत टोपणनाव पुरत नाही, इथे हस्ताक्षर हीच सही असते. म्हणून त्या रात्री मी थांबून सगळे शेरे संगणकावर चढवले आणि कार्डं फाडून टाकली.

चढवायला जागाही मिळाली. मार्क नोंदीत, म्हणजे संगणकातल्या पुस्तकाच्या ठरावीक साच्यातल्या नोंदीत, अधिकृत विषयशीर्षकांसाठी ६५० क्रमांकाचं क्षेत्र असतं, तर ६५३ हे अनियंत्रित शब्दांसाठी, म्हणजे कुठल्याही प्रमाणित यादीत नसलेल्या शब्दांसाठी. एरवी ते आमच्याकडे रिकामंच असायचं. आता कोहात ‘मोठा टाइप’ शोधलं की यादी येते, आणि मी रजेवर असताना शिपाईसुद्धा ती काढून देतो. गरोदर बाईची सूचना मात्र जाहीर शब्दांत नाही घातली. ती कर्मचाऱ्यांपुरत्या टिपेत आहे. सगळ्यांना शेवट कशाला सांगायचा?

‘रटाळ’वर कार्यवाह अडून बसले. माझं म्हणणं, माणसाबद्दलचा शब्द काढू, पुस्तकाबद्दलचा ठेवू, नाहीतर उद्या ‘छान’खेरीज काही उरायचं नाही. ते म्हणाले, “मग निदान पहिला शब्द तो नको.” मी म्हटलं, वर्णानुक्रमाने लावू या. गावभाग, जुने वाडे, रटाळ. यावर त्यांनी मान हलवली, आणि नोंद तशीच आहे.