24 तासांची की येऊन-जाऊन? तुम्ही विचारलंत म्हणून

लिफ्टमध्ये, शाखेत जेवणाच्या सुट्टीत, लसीच्या रांगेत, एकच प्रश्न. "तुम्ही दोन्ही करून बघितलंय ना? मग बाळ सांभाळायला स्वस्त काय पडतं, 24 तासांची बाई की येऊन-जाऊन करणारी?" आजवर मी "ज्याचं त्यानं बघावं" म्हणून सटकत आले. पण बाळंतपणाची 26 आठवड्यांची रजा संपत आलेल्या बाईला ते उत्तर पुरत नाही, आणि मलाही आता तेच तेच अर्धवट सांगायचा कंटाळा आलाय. एकदाच लिहून ठेवते.

आधी आकडे, कारण तुम्हाला तेच हवेत. राहणाऱ्या मावशींना मी महिना 18,000 देत होते. बाया पुरवणाऱ्या ब्युरोचं कमिशन एका पगाराइतकं, ते वेगळं. जेवणखाण, साबण-तेल, मोबाइलचा रिचार्ज, औषधपाणी आपल्याकडे. आत्ताच्या ताई इथल्याच, नाशिकच्या सिडकोतल्या उत्तमनगरहून येतात. सकाळी नऊ ते संध्याकाळी सात, रविवारी सुट्टी, 12,000. मला उशीर झाला तर वरच्या तासाचे शंभर आणि रिक्षाचे पैसे. दिवाळीला एक पगार दोघींनाही.

बँकेत असल्यामुळे भागाकार आपोआप होतो. 12,000 भागिले 26 दिवस भागिले 10 तास, म्हणजे तासाला 46 रुपये. 18,000 भागिले 30 भागिले 24, म्हणजे 25 रुपये. जेवण धरलं तरी तीसच्या आत. हे सगळं मी वहीच्या मागच्या पानावर मांडून नवऱ्याला दाखवलं होतं आणि राहती बाई ठेवायचं नक्की करून घेतलं होतं.

आता तेच पान बघितलं की वाटतं, रात्री अडीचला रडणारं पोर खांद्यावर टाकून हॉलमध्ये फेऱ्या मारायचा भाव 25 रुपये? त्यावर तेव्हाची मी फणकारते: मग काय, त्या 24 तास राबत होत्या का? दुपारी पोर झोपलं की त्याही झोपायच्या, संध्याकाळी मालिका बघायच्या. खरंय. फक्त झोपायच्या त्या पाळण्याची दोरी बोटाला गुंडाळून. याला काम म्हणायचं की आराम, ते कुठल्या रकान्यात टाकायचं, मला अजून ठरवता आलेलं नाही.

येऊन-जाऊन करणारीचं गणित सरळ आहे असं समजू नका. तिचा एक खाडा म्हणजे माझी एक किरकोळ रजा. नळाला पाणी आलं नाही, तिच्या मुलाला ताप आला, आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी गेली, की पाथर्डी फाट्यावरच्या आमच्या फ्लॅटमध्ये सकाळी पावणेनऊला कोण घरी थांबणार यावर भांडण. नवरा अंबडला कंपनीत, त्याची शिफ्ट. पाळणाघराची सोय कायद्याने 50 किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला करावी लागते. आमच्या शाखेत शिपाई धरून बारा.

तरीही मी आता येऊन-जाऊनच का, हे ज्यांना खरंच जाणून घ्यायचंय त्यांच्यासाठी पुढचं.

मावशी सुरगाण्याकडच्या. पन्नाशीच्या आसपास, कमी बोलणाऱ्या. नागलीचं सत्त्व इतकं एकसारखं शिजवायच्या की माझ्या सासूबाईंनीसुद्धा कधी नाव ठेवलं नाही. पगार त्या हातात घेत नसत. "तुमच्याकडंच राहू द्या, मॅडम." आता तुम्ही म्हणाल, बँकेत नोकरी आणि बाईचं खातं काढता आलं नाही? खातं होतं. जनधनचं. त्याचं एटीएम कार्ड गावी मुलाकडे. दुसरं काढू म्हटलं, तर आधारला जोडलेला नंबरही मुलाचाच. ओटीपीचा मेसेज त्याला जाणार. म्हणून माझ्या कपाटात एक स्टीलचा डबा आणि त्यात छोटी डायरी. महिना, रक्कम, मावशींचा अंगठा. सही येत होती त्यांना, पण अंगठाच लावायच्या.

एका रविवारी दुपारी मुलगा आला. विशी-बाविशीचा, बरोबर एक मित्र. गाडी घ्यायची होती, डाउन पेमेंट भरायचं होतं. "आईचा पगार द्या." मी आत गेले. मावशी पोराला मांडीवर घेऊन वरण-भात भरवत होत्या. विचारलं, देऊ का? त्यांनी वर बघितलं नाही. "तुमच्याकडं ठेवलेत. तुम्हीच ठरवा."

मी काय ठरवणार? मुलाला नाही म्हणायचं त्यांच्या जिवावर आलं होतं, आणि ते "नाही" माझ्या तोंडून यायला हवं होतं, एवढं मला कळलं. मी बाहेर येऊन सांगितलं, घरात रोकड नसते, बँक उघडल्यावर बघू. त्याला ते पटलं नाही. आधी हळू, मग जिन्यात उभा राहून मोठ्याने: "माझ्या आईला कोंडून ठेवलंय यांनी! पैसे देत नाहीत, बाहेर सोडत नाहीत!" दोन दारं उघडली. वरच्या मजल्यावरचे काका खाली आले. वॉचमन, सेक्रेटरी. माझा नवरा मध्ये पडला तर आवाज आणखी चढला.

कोंडून ठेवलं नव्हतं. आमचं लॅच आतून उघडतं, कुणालाही. पण बाहेर जाऊन परत आत यायचं तर चावी लागते, आणि चावी मावशींकडे नव्हती. ब्युरोवालीने पहिल्याच दिवशी बजावलं होतं, चावी देऊ नका. तुम्ही दिली असती? अनोळखी बाईला, तान्ह्या पोराबरोबर एकटी असताना? मी आजही छातीठोकपणे हो म्हणणार नाही. पण चावी असती तरी पोराला टाकून त्या जाणार कुठे होत्या? संध्याकाळी मी आल्यावर जाता आलं असतं. तेव्हा स्वयंपाकाची वेळ असायची.

शेवटी मावशी स्वतःच उठून दाराशी आल्या. पोर कडेवर, त्याच्या हनुवटीवर भात. मुलाला म्हणाल्या, "यांच्याकडं काही नाही. मी भिशीत घातलेत." इतक्या सहज खोटं बोलल्या की क्षणभर मलाही खरं वाटलं. मुलगा शिव्या देत गेला. मावशी आत जाऊन उरलेला भात भरवू लागल्या.

मार्गशीर्षात डोंगऱ्या देवाला, त्यांच्याकडच्या आदिवासींच्या उत्सवाला, जायचं म्हणाल्या, आणि सगळे पैसे मागितले. मी डायरी उघडून दोनदा मोजून दिले. परत आल्या नाहीत. फोन बंद. पैसे त्यांच्याकडे राहिले की गाडीत गेले, मला माहीत नाही. ब्युरोवाली म्हणाली, दुसरी देते, कमिशन अर्धंच द्या.

त्यानंतर जानेवारी 2025 मध्ये एक बातमी वाचली. देहरादूनमधल्या एका घरात कामवालीला कोंडल्याचा खटला होता. सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला, पण त्याच निकालात घरकामगारांसाठी वेगळ्या कायद्याचा विचार करायला केंद्राला समिती नेमायला सांगितलं. महाराष्ट्रात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा 2008 चा आहे, नोंदणी करता येते. मावशींची मी केली नव्हती. ताईंची त्यांनी आधीच करून घेतलेली होती, त्यांच्या चाळीतल्या बायकांबरोबर.

म्हणजे येऊन-जाऊन बरी असं म्हणतेय का मी? 31 मार्चला विचारा. क्लोजिंगच्या रात्री ताई सातला पर्स अडकवून दारात उभ्या असतात आणि मी शाखेत. तेव्हा मला मावशीच आठवतात, आणि त्या आठवणीत माझा स्वार्थ किती, ते मला नका विचारू. नवरा म्हणतो, पुन्हा राहती बाई बघू, या वेळी चावी देऊन टाकू. मी म्हणते, चावीने काय होणार? तो म्हणतो, मग कशाने होणार? इथे आमचं बोलणं थांबतं.

ताईंनी जूनपासून 14,000 मागितलेत. तासाला 54 होतात. मी हो म्हटलंय, नवऱ्याला अजून सांगितलेलं नाही.